झोळीची नक्कल

शहाद्याच्या बसस्टँडमागे अनीसचं शिलाईचं दुकान आहे. जूनमध्ये शाळेचे गणवेश आणि लग्नसराईत ब्लाऊज शिवताना त्याला मान वर करायला फुरसत नसते. पौषात मात्र मशीन अर्धा दिवस झाकलेली असते. अशाच एका पौषात म्हसावदच्या एका बागायतदार घरातला भाग्येश त्याच्याकडे आला. भाग्येश पुण्यात सिनेमा शिकला होता. गावाजवळ दरसाल ऊसतोडीला उतरणाऱ्या डोंगरातल्या माणसांवर तो पिक्चर काढणार होता. मोठी कंपनी पाठीशी नव्हती. चार मित्र, एक कॅमेरा आणि वडिलांचं पडीत शेत एवढ्यावर काम होतं. त्या शेतात त्याने ऊसतोडवाल्यांची पालं हुबेहूब उभी केली होती. त्यात राहणारी माणसं पुण्याहून आलेले नट होते.

कपड्यांचं काम रुचिका नावाच्या मुलीकडे होतं. तिला नवे कपडे घासून जुने केलेले चालत नव्हते. अंगावर वापरलेले, उसाच्या पात्याने फाटलेले, घामाने विटलेले खरे कपडे हवे होते. डोंगरातल्या बायांशी बोलणार कोण, म्हणून अनीसला घेतलं. अनीसची जीभ चांगली चालायची. घरी तो हिंदी बोलायचा, गिऱ्हाइकांशी अहिराणी, आणि बाजारात ऐकून ऐकून पावरी भाषेतले दहा-वीस शब्दही त्याला येत होते.

खरी पालं गावाबाहेर, उसाच्या फडाला लागून होती. अनीस तिथे नव्या साड्यांचं आणि शर्टांचं बोचकं घेऊन गेला. जुनं द्या, नवं घ्या, असं सांगितल्यावर बाया आधी हसल्या. फाटकं लुगडं घेऊन नवं कोण देतं, असं त्यांना वाटलं. मग एकेक जण पालात शिरून कपडे आणू लागली. तासाभरात बोचकं रिकामं झालं. रुचिका एकेक चिंधी उन्हात धरून बघत होती आणि किती सुंदर, किती सुंदर, म्हणत होती. अनीसला ते जरा विचित्र वाटलं, पण आपण दोन्हीकडच्या लोकांना खूश केलं याचं त्याला बरंही वाटलं.

निघताना रुचिकाचं लक्ष एका झोळीकडे गेलं. पालाच्या आडव्या बांबूला ती रिकामीच टांगलेली होती. मूळ कापड कधीकाळी लाल असावं. त्यावर निरनिराळ्या रंगांचे तुकडे शिवले होते. झोळी तुळशीबाईची होती. पन्नाशी ओलांडलेली, उंच, कमी बोलणारी बाई. धडगावच्या पलीकडच्या एका पाड्यावरून मुलगा आमशा आणि सून दिवलीबाई यांना घेऊन ती तोडीला उतरली होती. दिवलीबाईला सहावा महिना होता.

तुळशीबाईने झोळी द्यायला साफ नकार दिला. अनीसने दोन साड्या पुढे केल्या, तरी तिने मान हलवली. ही झोळी तिच्या आईने शिवली होती. घरात जे जे मूल त्यात झोपलं, त्याच्या पहिल्या अंगड्याचा एक तुकडा त्यावर लावलेला होता. एकेका तुकड्यावर बोट ठेवून ती सांगू लागली, हा माझ्या भावाचा, हा आमशाचा, हा आमशाच्या बहिणीचा. अनीस हुं हुं करत होता, पण त्याचे डोळे शिलाईकडे होते. आत मुडपून बारीक टाके घातले होते, ते त्याला आवडले. कोणता तुकडा कोणाचा, याकडे त्याचं लक्ष नव्हतं.

मग कायमची नको, नुसती वापरायला द्या, असं तो म्हणाला. पंधरा दिवस, फार तर वीस. बाळ यायच्या आत परत.

"मन्ही जबान शे, तुळशीबाई," अनीस म्हणाला. "जशीनी तशी आनी देसू."

तिने थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि गाठ सोडून झोळी त्याच्या हातात दिली. साड्या घेतल्या नाहीत.

शूटिंग सुरू झालं. झोळी नकली पालात टांगली गेली आणि तिच्यात एका नटीने म्हसावदमधलंच एक तान्हं बाळ झोपवलं. पिक्चरच्या शेवटाकडे पालांना आग लागते, आई धावत येते आणि जळणाऱ्या झोळीपुढे उभी राहते, असा प्रसंग होता. रुचिकाने अनीसला आधीच सांगून ठेवलं होतं की आगीसाठी झोळीची नक्कल कर. दोन दिवस हातात होते. त्याने तसंच लाल कापड आणून कापलंही.

पण मधेच भाग्येशने त्याला एक छोटं काम दिलं. पालांवर कापड विकायला येणारा फेरीवाला. दोनच वाक्यं होती. अनीसने ती वाक्यं दोन दिवस घोकली. घरी आरशासमोर म्हटली. मुलगी हुमा हसून लोळायची. त्या नादात नक्कल तशीच अर्धवट राहिली, नुसतं लाल कापड, त्यावर एकही तुकडा नाही. सकाळी लवकर जाऊन तासाभरात लावून टाकू, असं त्याने ठरवलं होतं. पण सकाळी गेल्यावर त्याला लगेच कॅमेऱ्यापुढे उभं केलं. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं, नऊ वेळा तेच झालं. शेवटी भाग्येश उठून आला आणि त्याने अनीसचा हात हातात घेऊन सगळ्यांसमोर वाहवा केली. अनीस स्वतःला पुन्हा पुन्हा छोट्या पडद्यावर बघत राहिला.

दुपारी तीनच्या सुमारास रुचिका आली. ऊन हवं तसं आलं होतं, पाण्याचा टँकर येऊन उभा होता, सगळे थांबले होते. तिने विचारलं, पालात लावली आहे ती नक्कलच ना?

खरं सांगितलं असतं तर काम दोन तास थांबलं असतं, फार तर दुसऱ्या दिवसावर गेलं असतं. पण तासाभरापूर्वीच सगळ्यांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या. अनीस हो म्हणाला.

आग लावली. आधी पाचट पेटलं, मग छपराची एक बाजू. झोळी सुरुवातीला नुसती हलत होती. मग खालच्या टोकाला तिने पेट घेतला आणि एकेक तुकडा आक्रसत गेला. अनीस पाण्याची बादली घेऊन दहा हातांवर उभा होता. भाग्येशने कट म्हणेपर्यंत कोणी पुढे जायचं नव्हतं, आणि भाग्येश बराच वेळ कट म्हणाला नाही. खरी ऊसतोडीची माणसं त्या वेळी फडात कोयते चालवत होती. त्यांच्यातलं कोणी तिथे नव्हतं.

होळीच्या आधी तोड संपत आली. एका सोमवारी तुळशीबाई झोळी मागायला दुकानात आली. अनीसने तिला दोन दिवसांनी यायला सांगितलं. ती गेल्यावर त्याने ते कापलेलं लाल कापड काढलं.

त्याने घरी मोठ्या पातेल्यात चहाची पूड उकळली आणि कापड त्यात बुडवलं, वाळवलं, विटेने घासलं, पुन्हा बुडवलं. बायको अमिनाने विचारलं तेव्हा पिक्चरचं काम राहिलंय म्हणाला. तुकडे कसे होते ते त्याला आठवेना. रुचिकाने मोबाइलवर काढलेला एक फोटो त्याच्याकडे होता, पण त्यात झोळीची एकच बाजू दिसत होती. त्या बाजूचे तुकडे त्याने जुळवून लावले. दुसऱ्या बाजूला अंदाजाने, हाताला लागले ते लावले. स्वतःच्या जुन्या लुंगीची पट्टी, गणवेशाचा निळा तुकडा, हुमाच्या गॅदरिंगच्या घागऱ्यातलं हिरवं. टाके मात्र त्याने हाताने, तुळशीबाईच्या आईने घातले होते तसेच बारीक घातले. आयुष्यात इतकं मन लावून त्याने क्वचितच काही शिवलं असेल. शिवून झाल्यावर त्याने ती लांब धरून पाहिली. कोणालाही खरी वाटली असती. त्या क्षणी त्याला चक्क आनंद झाला, आणि हे पुढे त्याला कधी स्वतःशीही नीट कबूल करता आलं नाही.

तुळशीबाई आली तेव्हा दुकानात गिऱ्हाइकं होती. एक शिक्षक पँटसाठी थांबले होते, दोघी बाया ब्लाऊजचं माप द्यायला आल्या होत्या. अनीसने झोळी घडी करून दिली. तिने ती तिथेच उलगडली, हाताने चाचपली, उलटी केली. मग एका जागी तिचा अंगठा थांबला.

"हाऊ हिरवा तुकडा कोन्हा शे, भाऊ?"

तिने हे अगदी हळू विचारलं. अनीसच्या तोंडून निघून गेलं, "तुम्हनाच ना, बाई. तुम्हले याद नही ऱ्हायना व्हई."

तुळशीबाईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग बसलेल्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं.

"व्हई," ती म्हणाली. झोळीची घडी केली, बगलेत धरली आणि ती पायऱ्या उतरून गेली.

शिक्षक म्हणाले, बघा, किती भोळी माणसं असतात. अनीसने त्यांची पँट काढून दिली.

भादव्यात पिक्चर तयार झाला. परदेशातल्या कुठल्याशा महोत्सवात त्याला बक्षीस मिळालं आणि भाग्येशने शहाद्यात एका हॉलमध्ये त्याचा खेळ ठेवला. अनीस अमिनाला आणि हुमाला घेऊन गेला. त्यांना दुसऱ्या रांगेत बसवलं होतं. हॉल भरला होता, डॉक्टर, वकील, प्राध्यापक आले होते. पालांवरचं कोणी नव्हतं. पावसाळ्यात ती माणसं डोंगरात असतात आणि त्यांना बोलवायचं कोणाला सुचलंही नव्हतं.

अनीसची दोन वाक्यं पिक्चरमध्ये नव्हती. तो फेरीवाला मागून जाताना नुसता पाठमोरा दिसला. हुमाने तरी ओळखलं आणि त्याचा दंड दाबला. मग आग आली. झोळी पडद्यावर भिंतीएवढी मोठी दिसत होती, प्रत्येक टाका दिसत होता. हॉलमध्ये कोणी हललं नाही. दोन-तीन बाया रडू लागल्या. खेळ संपल्यावर भाग्येशने स्टेजवरून अनीसचं नाव घेतलं आणि त्याला शाल दिली. मग त्याने जाहीर केलं की पुढचा खेळ दिवाळीआधी धडगावला, ज्यांचा हा पिक्चर आहे त्यांच्यासाठी, फुकट. खूप टाळ्या पडल्या.

घरी आल्यावर शाल घडी करता करता अमिनाने शांतपणे विचारलं, तुम्ही ती झोळी चहात उकळली ती आगीचं शूटिंग झाल्यानंतरच ना? कोणासाठी होती ती?

अनीसने सगळं सांगितलं. हो म्हणाल्याचं सांगितलं आणि दुकानातलं त्या हिरव्या तुकड्याचंही. अमिना त्याला रागे भरली नाही. ती बाई धडगावला पिक्चर बघायला आली आणि तिने तिथे चार लोकांत हे पाहिलं तर, एवढंच विचारलं. त्याआधी तुम्ही जाऊन तोंडाने सांगा, म्हणाली.

दोन दिवसांनी अनीस धडगावच्या जीपमध्ये बसला. घाटात दाटीवाटीने बसून तो मनात वाक्यं जुळवत होता. धडगावहून दुसरी जीप केली आणि पुढे तासभर चालला. विचारत विचारत पाड्यावर पोचला तेव्हा दुपार झाली होती.

आमशाने त्याला लांबूनच ओळखलं. धावत येऊन त्याने अनीसच्या हातातली पिशवी घेतली. तुळशीबाई शेतात गेली होती. दिवलीबाईने पाणी दिलं, खाट टाकली. घराच्या आढ्याला झोळी टांगली होती आणि तिच्यात पाच महिन्यांची पोरगी झोपली होती. चहाच्या रंगाचा एक फिकट ओघळ कडेला उतरलेला अनीसला लगेच दिसला.

आमशाने शेजाऱ्यांना हाक मारली. चार-पाच माणसं येऊन बसली. आमशा त्यांना पावरीत सांगू लागला, आणि अनीसला कळायला हवं तेवढं कळत होतं. हाच तो शहाद्याचा माणूस. सिनेमावाले वस्तू घेतात आणि गायब होतात, पण याने जबान दिली आणि पाळली. माझ्या आजीची झोळी जशीच्या तशी परत केली. माणसं अनीसकडे पाहून मान डोलावत होती. एका म्हाताऱ्याने त्याचा हात धरला.

दिवलीबाई झोळीपाशी गेली आणि पाहुण्याला दाखवावं म्हणून तिने झोळीची बाजू जरा उलटी केली. एकेका तुकड्यावर बोट ठेवून ती सांगू लागली. सासूने सांगितलेलं तिला सगळं पाठ होतं. ही पट्टी मामाची. हा निळा नणंदेचा.

"हाऊ हिरवा यास्ना," ती आमशाकडे बघून म्हणाली आणि लाजली.

लुंगीची पट्टी, गणवेशाचा कपडा, हुमाचा घागरा. अनीस ते तुकडे बघत होता आणि त्याला उठून जावंसं वाटत होतं. तुळशीबाईने त्याच्या प्रत्येक खोट्या तुकड्याला एकेक नाव दिलं होतं. तिच्यासारख्या बाईला ते बसून ठरवावं लागलं असेल, कोणता कोणाचा म्हणायचा, आणि मग लक्षात ठेवावं लागलं असेल.

तुळशीबाई आली. अनीसला पाहून ती दारातच क्षणभर थांबली, मग आत आली आणि सुनेला भाकरी टाकायला सांगितलं. अनीसने दोनदा तोंड उघडलं, पण दोन्ही वेळा तिने दुसरंच काही विचारलं. पाऊस कसा आहे तिकडे, दुकान कसं चाललंय. त्याला जेवावं लागलं. आमशा त्याच्या ताटात वाढत राहिला.

निघाला तेव्हा तुळशीबाई पायवाटेच्या वळणापर्यंत त्याला सोडायला आली. घर दिसेनासं झाल्यावर अनीस थांबला. जीपमध्ये जुळवलेलं एकही वाक्य त्याला आठवलं नाही.

"झोळी जळी गयी, बाई. मी तुम्हले खोटी दिधी."

"मले तवयच समजनं," तुळशीबाई म्हणाली.

मग बोलल्या का नाहीत, असं त्याने विचारलं. शिवी दिली असती, सगळ्यांसमोर तोंडावर फेकली असती तरी चाललं असतं.

"दुकानमा लोके बसेल व्हतात," ती म्हणाली. "तुले लाज वाटती."

तुळशीबाईने सांगितलं की दिवलीबाईचं पहिलं मूल जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी गेलं होतं. तेव्हा ही झोळी शेजारच्या पाड्यावर एका भाचीकडे दिलेली होती, आणि मूल त्यात झोपलं नाही म्हणूनच गेलं, असं सुनेने मनात घेतलं होतं. या खेपेला बाळ त्या झोळीतच झोपेल या एका भरवशावर तिने नऊ महिने काढले. ती जळाली, हे तिला कोण सांगणार होतं?

"आते घरमा सांगू नको," ती म्हणाली. "आमशालेबी नको."

अनीसने माफी मागितली. तिने उलट विचारलं, सिनेमात झोळी दिसते का. तो दिसते म्हणाला. जळताना दिसते का. हो म्हणाला. किती वेळ, असं तिने विचारलं, आणि खोटं बोलायची त्याची हिंमत झाली नाही. बराच वेळ, तो म्हणाला. तेव्हाच त्याने धडगावच्या खेळाचं सांगितलं. तुळशीबाईचा चेहरा पहिल्यांदाच बदलला. आमशा सगळ्या पाड्याला घेऊन ज्या खेळाला जायच्या गोष्टी करत होता, तो हाच, हे तिच्या लक्षात आलं. जीपवाल्यांकडून त्याला बातमी लागली होती.

"तो सिनेमा इकडे येवाले नको," ती म्हणाली. "एवढं कर." आणि मागे वळली.

अनीस दुसऱ्याच दिवशी म्हसावदला गेला. भाग्येश ओट्यावर बसून लॅपटॉपवर काहीतरी करत होता. अनीसने उभ्यानेच सगळं सांगितलं. नक्कल झाली नव्हती, मी हो म्हणालो, जळली ती खरी होती. भाग्येश आधी चिडला. मला विचारलं असतंस तर मी थांबलो असतो, म्हणाला, आणि ते खरंही असावं. धडगावचा खेळ रद्द करायचा म्हटल्यावर त्याने तोडगा सुचवला, तेवढा प्रसंग कापून दाखवू. पण आग कापली तर पिक्चर कळतच नव्हता, हे त्याचं त्यालाच पटलं.

"पण अनीसभाई, तोच तर पिक्चरमधला सगळ्यात खरा शॉट आहे," तो म्हणाला.

"म्हनीसनच सांगी ऱ्हायनू," अनीस म्हणाला.

भाग्येशने खेळ रद्द केला. अनीस निघाला तेव्हा त्याने मागून विचारलं, नाव न घेता ही गोष्ट एखाद्या मुलाखतीत सांगितली तर चालेल का? लोकांना कळायला हवं, आपण सिनेमावाले काय करून बसतो ते. अनीसने नाही म्हटलं. भाग्येशला वाईट वाटल्याचं दिसत होतं, पण त्याने ही गोष्ट अजून तरी कुठे सांगितलेली नाही.

दिवाळीनंतर डोंगरातली माणसं तोडीला उतरली. त्या साली आमशा एकटाच आला. एक दिवस शर्टाला माप द्यायला तो आणि त्याच्या पाड्यावरचा एक जण दुकानात आले. बोलता बोलता तो दुसरा म्हणाला की ते पिक्चरवाले धडगावला येणार म्हणून आम्ही दोन दिवस काम सोडून बसलो होतो, आलेच नाहीत, तसलीच माणसं ती. आमशा त्यावर हसला. सगळेच तसे नसतात, असं म्हणून त्याने अनीसच्या खांद्यावर हात ठेवला.

अनीसने त्याला हात सरळ धरायला सांगितलं आणि बाहीचं माप घेतलं.